चारसूत्री भातलागवड : सूचनापर गद्यातील मितशब्दता

कर्जत–मुरबाड रस्त्यावरील कशेळे परिसर हा भाताचा मुलूख. येथील शेतकऱ्यासाठी लिहिलेले माहितीपत्रक बांधावर उभ्याने वाचता यावे आणि नुसते ऐकणाऱ्याच्याही ध्यानात राहावे, ही त्याची पहिली कसोटी. या दृष्टीने कृषिशास्त्रज्ञ डॉ. ना. कृ. सावंत यांच्या नावाशी निगडित असलेली ‘चारसूत्री’ भातलागवड हे उद्बोधक उदाहरण ठरते.

‘सूत्र’ ही संज्ञा येथे शोभेची नाही. अल्पाक्षरत्व व असंदिग्धता ही सूत्राची परंपरेने मानलेली लक्षणे; महानुभावांच्या सूत्रपाठामुळे मराठी गद्याला ती पूर्वापार परिचित आहेत. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचे हिरवळीचे खत, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेटचा वापर ही ती चार सूत्रे. त्यांचा क्रम शेतकामाचाच क्रम आहे. रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीपूर्वी पाला, मग लावणी आणि लावणीच्याच दिवशी खत. साहजिकच ‘तत्पूर्वी’, ‘तदनंतर’ अशा सांध्यांची गरज उरत नाही. राखेतील सिलिकामुळे रोप कणखर का होते, हे सांगणे भाष्याचे काम. ते सूत्रात शिरले की ओळ फुगते.

तिसरे सूत्र विशेष लक्षणीय आहे. चुडांमधील अंतर दोन्ही दिशांना आळीपाळीने १५ व २५ सेंटिमीटर ठेवावयाचे. त्यामुळे चार चुडांचा चौक डोळ्यांना आपोआप वेगळा दिसतो आणि ब्रिकेट कोठे खोचावयाची हे निराळे समजवावे लागत नाही. एक लहानशी आकृती येथे परिच्छेदभर मजकूर वाचवते.

मात्र सुटसुटीतपणाच्या हव्यासाने नेमका शब्द गमावला, तर घात होतो. एका चुडात २-३ रोपे असतात. अपरिचित वाटतो म्हणून ‘चूड’ काढून सरसकट ‘रोप’ लिहिले, की ‘चार रोपांमध्ये एक ब्रिकेट’ असे गोंडस वाक्य तयार होते. पण चार रोपे म्हणजे फार तर दोन चूड! खत निदान दुप्पट पडेल, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच. वास्तविक ‘चूड’ हा भातशेतीतील रोजचा शब्द. तो परका आहे तो शहरातील मुद्रितशोधकाला.

‘खोल’ या शब्दाचेही तसेच. ‘ब्रिकेट खोल खोचावी’ हे वाक्य आटोपशीर खरे, परंतु वर राहिलेल्या खतातील नत्र वाया जाते. म्हणून ७ ते १० सेंटिमीटर हे माप गाळता येत नाही. बोटांच्या मापाने सांगितल्यास ते चिखलात अधिक उपयोगी पडते.