आंध्र राज्य झाले, पण कोणाचे झाले?

स्वातंत्र्यानंतर भाषेच्या आधारावर झालेले पहिले राज्य म्हणजे आंध्र. शाळेच्या पुस्तकात त्याची गोष्ट दोन ओळींत संपते : पोट्टी श्रीरामुलू यांनी उपोषण केले, त्यात त्यांचे निधन झाले आणि राज्य मिळाले. ही गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते आणि तिथपासूनच ती आपल्या कामाची आहे.

'आंध्र' हे नाव ऐतरेय ब्राह्मणात येते. तिथे आंध्र हे विश्वामित्राने शाप दिलेले, सीमेपलीकडे राहणारे दस्यू ठरवले आहेत. तेच आंध्र सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात धम्माचे अनुसरण करणारे लोक म्हणून येतात. एकाच समाजाची ही दोन वर्णने शेजारी ठेवून वाचावीत, एवढेच आम्ही सुचवू.

पुढे सातवाहनांच्या काळात कृष्णेच्या काठी धान्यकटक, म्हणजे आजची अमरावती, येथे महाचैत्य बहरले. ज्या पुळुमावीचा उल्लेख आपल्या नाशिकच्या लेण्यात आहे, त्याच्याच राजवटीचा लेख अमरावतीलाही सापडला. पण राजापेक्षा आम्हाला तिथला दुसरा एक लेख मोलाचा वाटतो. विधिक नावाच्या माणसाने आई, पत्नी, भाऊ आणि मुलाबाळांसह पूर्णघट कोरलेली शिळा दान दिली. त्याने आपली ओळख लिहिली आहे 'चम्मकार', म्हणजे चर्मकार. वडील नाग हे 'उपाध्याय', म्हणजे शिक्षक. चामड्याचे काम करणारा माणूस व्यवसाय न लपवता महाचैत्याच्या दगडावर नाव कोरतो, यावरून त्या काळच्या संघाची जी कल्पना येते ती मोठमोठ्या ग्रंथांतूनही येत नाही.

नंतर इक्ष्वाकूंच्या काळात नागार्जुनकोंड्याला राजे अश्वमेध करत होते आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया बौद्ध चैत्य-विहारांना दान देत होत्या. (तिथले महाचैत्य राजाची बहीण चांतिसिरी हिने उभारले.) हे सारे पुढे विस्मरणात गेले. अमरावतीचे दगड जमीनदाराच्या बांधकामाला गेले, काहींचा चुना झाला, उरलेल्यांपैकी बरेच लंडनला पोहोचले. नागार्जुनकोंड्याचे खोरे धरणाखाली गेले.

आता राज्याच्या मागणीकडे येऊ. मद्रास प्रांतात तेलुगू भाषकांना नोकऱ्या, शिक्षण आणि राजकारण यांत तमिळ वर्चस्व जाणवत होते. १९१३ साली बापटला येथे पहिली आंध्र महासभा भरली. रायलसीमेच्या लोकांना किनारी जिल्ह्यांची भीती वाटत होती, म्हणून १९३७ साली श्रीबाग करार झाला. एका भाषेच्या माणसांनाही एकमेकांकडून लेखी हमी घ्यावी लागली, हे लक्षात ठेवा. १९ ऑक्टोबर १९५२ रोजी श्रीरामुलू उपोषणाला बसले आणि १५ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. याच श्रीरामुलूंनी पूर्वी नेल्लोरमध्ये दलितांच्या मंदिरप्रवेशासाठीही उपोषण केले होते. त्यांचे हे काम फारसे सांगितले जात नाही. लोक रस्त्यावर उतरले, चार दिवसांत नेहरूंनी घोषणा केली आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्नूल राजधानी असलेले आंध्र राज्य अस्तित्वात आले.

त्याच्या महिनाभर आधी, २ सप्टेंबर १९५३ रोजी, राज्यसभेत आंध्र राज्य विधेयकावर बाबासाहेब बोलले. त्यांचा प्रश्न सरळ होता : भाषेचे राज्य झाले की सत्ता कोणाच्या हाती जाणार? जमीन ज्यांच्याकडे, त्यांच्याच. मग गावाबाहेरच्या वस्तीला संरक्षण कोण देणार? त्यासाठी राज्यपालांना विशेष अधिकार द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. संविधान जाळण्याविषयीचे त्यांचे जे विधान आजही संदर्भ तोडून फिरवले जाते, ते याच चर्चेतले आहे. पुढच्या वेळी कोणी ते तुमच्या तोंडावर फेकले, तर विषय अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा होता, हे सांगा. १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तिकेत त्यांनी आंध्रातील रेड्डी, कम्मा, कापू यांची नावे घेऊन हाच मुद्दा मांडला, आणि महाराष्ट्रातील मराठा समाजाबद्दलही तेच लिहिले. त्यांचा भाषावार राज्यांना सरसकट विरोध नव्हता. संरक्षणाशिवाय बहुसंख्य जातीच्या हाती राज्य सोपवायला त्यांचा विरोध होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी तेलंगणा जोडून आंध्र प्रदेश झाला. तेव्हाही आधी करार करावा लागला आणि तो न पाळल्याची तक्रार २०१४ च्या विभाजनापर्यंत धुमसत राहिली. १९६० साली दामोदरम संजीवय्या तिथे मुख्यमंत्री झाले. देशातील ते पहिले दलित मुख्यमंत्री. पण जेमतेम दोन वर्षे. जमीन मात्र होती तिथेच राहिली. १९८५ साली कारमचेडूत कम्मा जमीनदारांच्या जमावाने सहा दलितांना मारले. ६ ऑगस्ट १९९१ रोजी चुंडूरमध्ये रेड्डींच्या जमावाने आठ दलितांची हत्या केली. २००७ साली गावातच भरलेल्या विशेष न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप सुनावली. २०१४ साली उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडून दिले. चुंडूर तेव्हा गुंटूर जिल्ह्यात होते, विधिकाने शिळा दिली ती अमरावती तेव्हा ज्या जिल्ह्यात होती, त्याच.