सराव परीक्षेचे गुण का अडतात?

दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन मुले-मुली येतात. डोके दुखते, छातीत धडधडते, वाचलेले लक्षात राहत नाही. सोबत आई किंवा वडील असतात आणि मागणीही ठरलेली असते, ‘‘डॉक्टर, स्मरणशक्तीचे एखादे टॉनिक लिहून द्या.’’ पूर्वी ही मंडळी बहुधा मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची असत. आता त्यांत कायद्याच्या प्रवेशाचीही असतात. आपल्या राज्यात २०१६ पासून विधी अभ्यासक्रमासाठी सीईटी आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बारावीनंतर शिकायचे तर ‘क्लॅट’ द्यावी लागते.

गुण वाढविणारे टॉनिक अस्तित्वात नाही. (रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या जरूर द्याव्यात, पण हिमोग्लोबिन तपासून.) मी या मुलांना दोन प्रश्न विचारतो. अभ्यास किती तास? उत्तर येते, ‘‘दहा-बारा.’’ वेळ लावून सराव प्रश्नपत्रिका किती सोडविल्या? ‘‘पोर्शन पूर्ण झाला की सोडविणार.’’ माझ्या मते गुण अडतात ते इथेच.

पुन:पुन्हा वाचले की मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो येतो असा भ्रम होतो. अमेरिकेत रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र उलटले: दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. मेंदूतून माहिती बाहेर काढण्याचा सराव हाच खरा अभ्यास. म्हणून पहिली प्रश्नपत्रिका तयारीच्या शेवटी नव्हे, सुरुवातीलाच सोडवावी. गुण कमी पडतील. पडू द्यावेत.

सोडविल्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे, आणि तेच बहुतेक जण टाळतात. दोन तासांचा पेपर झाला की चुकलेल्या प्रश्नांपुढे किमान तेवढाच वेळ बसावे. एका वहीत प्रत्येक चुकीचे कारण लिहावे: माहिती नव्हती, प्रश्न घाईत वाचला, की वेळ संपला? पहिल्याला वाचन हवे, दुसऱ्याला नाही. कित्येकांच्या वहीत ‘घाईत वाचला’ हेच कारण भरलेले दिसते, आणि ती मुले आणखी एक गाईड विकत आणतात!

कायद्याच्या प्रश्नांत एक खास खोच असते. समजा, नियम दिला आहे की दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय शिरणे म्हणजे अतिक्रमण. एक गृहस्थ शेजाऱ्याच्या शेतातून आडवाटेने जातात, पिकाचे काहीच नुकसान होत नाही. आपल्याकडची मुले हमखास लिहितात, नुकसान नाही म्हणून दोष नाही. पण नियमात नुकसानीचा उल्लेखच नाही. दिलेल्या नियमावरून उत्तर द्यायचे, गावच्या रीतीवरून नव्हे.

क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, साडेचारशे शब्दांपर्यंतच्या इंग्रजी उताऱ्यांवर. मराठी माध्यमाच्या मुलांनी रोज इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख घड्याळ लावून वाचावा. याला पर्याय नाही. तिथे चुकीला पाव गुण कापतात, तेव्हा चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत असे कळले तर उरलेल्यांतून एक निवडणे फायद्याचेच. राज्याच्या सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. तरी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वत: वाचावी, नियम बदलतात.

आता माझ्या विषयाकडे येतो. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. चार तास झोपून उतारा वाचणाऱ्याचे डोळे ओळींवरून फिरतात, अर्थ मागे राहतो. या वयात आठ तास झोप हवी. चहा-कॉफीतील कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही शरीरात असते. संध्याकाळनंतर तो कप नको. पेपर ज्या वेळेला असेल त्याच वेळेला घरी सराव परीक्षा द्यावी. परीक्षेची धडधड थांबावी म्हणून प्रोप्रॅनोलॉलची गोळी मित्राकडून घेणारे तरुण पाहण्यात येतात. दम्याच्या रुग्णाला ही गोळी जिवावर बेतू शकते. जागरणासाठीच्या गोळ्याही तशाच. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दोन्ही घेऊ नयेत.

पालकांनी सराव परीक्षेचे गुण रोज विचारू नयेत. झोप झाली का, जेवलास का, हे विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, मूल गप्प-गप्प राहत असेल, आवडत्या गोष्टी टाकून बसले असेल, तर तो आळस समजू नये, तपासून घ्यावे. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे ते बोलले तर थांबूच नये, त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.