विश्लेषण : शत्रूला मारण्यापेक्षा धरून ठेवणे फायद्याचे? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील ‘ग्रॅपल’चा नियम काय?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या खेळातील लढाईत तलवार आणि मंत्रांचाच बोलबाला असतो. शत्रूला नुसते धरून ठेवणे, म्हणजेच ‘ग्रॅपल’, अनेकांना वाया गेलेली खेळी वाटते. कारण त्याने शत्रूला साधी जखमही होत नाही. मात्र, हीच पकड अनेकदा सोबत्याचे प्राण वाचवते.

नियम बदनाम का होता?

हा खेळ १९७४ मध्ये आला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शत्रूला धरायला गेले, की सहसा आधी त्यालाच फुकटचा वार मिळे. तो लागला तर पकड तिथेच फसे. नाही लागला तर स्पर्शासाठी एक फासा आणि मग दोघांच्या बळाची चढाओढ. एवढ्या खटाटोपापेक्षा खेळाडू तलवारच उगारत.

आता पकड कशी ठरते?

२०२४च्या नियमांत फासा टाकतो तो फक्त ज्याला धरायचे तो. धरणाऱ्याचा एक हात मोकळा हवा आणि शत्रू आकाराने फार तर एक पायरी मोठा हवा. ८ + ताकदीची भर + प्रावीण्य बोनस, एवढा आकडा शत्रूला गाठावा लागतो. ताकदीची भर ३ आणि बोनस २ असेल, तर आकडा १३. शत्रू ताकद किंवा चपळाई यांपैकी सोयीचे ते वापरतो. त्याची भर २ असेल, तर २० बाजूंच्या फाशावर त्याला किमान ११ हवेत. म्हणजे पकड बसण्याची शक्यता निम्मी.

पकडीने काय साधते?

शत्रूची चाल शून्य होते. धरणाऱ्याला सोडून इतरांवर वार करताना त्याला दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो. सुटायचा प्रयत्न केला, तर त्या फेरीतली त्याची मुख्य कृती त्यातच खर्च होते.

खरा डाव कोणता?

पाचव्या पातळीवरील फायटरला एका फेरीत दोन वार मिळतात. पहिल्यात धरायचे, दुसऱ्यात पाडायचे. उठायला निम्मी चाल लागते. इथे चालच शून्य, त्यामुळे पकड असेपर्यंत शत्रू उठू शकत नाही. शेजारी उभ्या सोबत्यांना त्याच्यावर वार करताना दोन फाशांतला मोठा आकडा मिळतो. पण पाच फुटांपलीकडच्या तिरंदाजाला मात्र लहान आकडा घ्यावा लागतो. त्यामुळे पाडण्याआधी सोबत्यांना विचारलेले बरे.

पकड कुठे फसते?

प्रौढ लाल ड्रॅगनसारखा अवाढव्य शत्रू माणसाच्या आकाराच्या योद्ध्याला धरताच येत नाही. पकडीत मंत्र म्हणता येतात. टेलिपोर्ट होणारा जादूगार निसटतो. धरणारा बेशुद्ध पडला, तरी पकड सुटते. शत्रूचा वार त्याच्यावर नेहमीसारखाच बसतो, म्हणून हे काम चिलखत घातलेल्याने करावे.

मागे उभ्या जखमी जादूगाराकडे राक्षस धावत असेल, तर एका वाराने तो मरेलच असे नाही. पकड बसली, तर तो तिथपर्यंत पोहोचत नाही.