पहिलीचा उंबरठा आणि गावाची जबाबदारी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार म्हटले की सर्वप्रथम डोळ्यांपुढे येते ते तेथील सरोवर. उल्कापातामुळे काळ्या बेसॉल्ट खडकात निर्माण झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय ठरले आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. काठावरील कमळजा देवीचे स्थान आणि गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर पाहण्यासाठी दूरवरून लोक येतात. तथापि, तालुक्यातील खेड्यापाड्यांचे आणि तांड्यांचे जीवन सरोवरापेक्षा शेतीशी अधिक जखडलेले आहे. सोयाबीन, कापूस, तूर ही येथील पिके असून त्यांचा भरवसा मुख्यतः पावसावर आहे.

शेतीच्या या वेळापत्रकाचा बालकांच्या शिक्षणाशी फार जवळचा संबंध आहे. उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमकी हीच पेरणीची घाई असते. घरातील कर्ती माणसे दिवस उजाडताच शेतावर जातात. पहिलीत दाखल झालेल्या बालकाचा हात धरून त्याला शाळेपर्यंत आणावयास अनेकदा घरी कोणी नसते. मग मूल धाकट्या भावंडाजवळ घरी राहते किंवा आईबरोबर बांधावर जाते. वर्गात अक्षरे आणि अंक यांची ओळख सुरू होते, तेव्हा ते वर्गात नसते. पहिल्या महिन्यात पडलेले हे अंतर भरून काढणे शिक्षकास पुढे वर्षभर जड जाते.

म्हणूनच बालकाची शाळेची तयारी जूनमध्ये नव्हे, तर त्यापूर्वीच व्हावयास हवी. ती एकट्या शिक्षकाकडून होणारी नाही. अंगणवाडी, शाळा, माता आणि ग्रामपंचायत या चौघांनी मिळून करावयाचे हे काम आहे.

सहा वर्षांच्या आतील शिक्षण

मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, याची दखल २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घेतली आहे. ज्या वयात मूल शाळेच्या हजेरीपटावर नसते, त्याच वयात त्याच्या शिकण्याचा पाया घातला जातो, असा याचा अर्थ होय. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण यांसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरविले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन वर्षांवरील बालकांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासनाला करता येईल अशा आशयाचे कलम आहे.

प्रत्यक्षात ही व्यवस्था अंगणवाडीच्या रूपाने गावोगाव उभी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेस प्रारंभ झाला. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तीत अंतर्भूत आहेत. यांपैकी आहार आणि लसीकरण यांचा हिशेब ठेवता येतो, म्हणून त्यांकडे सर्वांचे लक्ष असते. शालापूर्व शिक्षण मात्र वजनकाट्यावर मोजता येत नाही. सेविकेचा वेळ नोंदी आणि आहारवाटप यांत गेला की पहिला काट बसतो तो याच सेवेला.

आहार आणि शिक्षण यांची फारकत करून चालणार नाही, हेही तितकेच खरे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. खुंटलेली उंची हे दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाचे लक्षण असून त्याचा परिणाम शिकण्याच्या क्षमतेवरही होतो. पोटभर खाणे, आजारातून वेळीच बरे होणे, कोणीतरी जवळ घेऊन बोलणे आणि मोकळेपणाने खेळणे या चारही गोष्टी बालकाला एकाच वेळी लागतात.

कोसबाडचा धडा

खेड्यातील गरीब बालकांना असे शिक्षण कमी खर्चात देता येते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी सिद्ध करून दाखविले आहे. ताराबाई मोडक यांचे या संदर्भातील कार्य पायाभूत आहे. वऱ्हाडातील अमरावती येथेही काही वर्षे वास्तव्य केलेल्या ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने भावनगर येथे बालशिक्षणाचा प्रयोग केला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. हे कार्य नंतर डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये, स्थिरावले. अनुताई वाघ यांनी त्यासाठी आपले आयुष्य वाहिले.

बालवाडी उघडली तरी पाड्यांवरील मुले आपणहून येत नाहीत, असे दिसून आले. तेव्हा कार्यकर्त्यांनी बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचा उगम या प्रयोगात आहे. माँटेसरी पद्धतीची महाग साधने परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांनी घेतली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी गुरे चरतात तेथेच कुरणशाळा भरविण्यात आली. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून मुली शाळेत येत नाहीत, हे ध्यानी आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. या व्यवस्थेस विकासवाडी असे नाव मिळाले.

मूल शाळेत का येत नाही याचे कारण घरी जाऊन शोधावे आणि त्या कारणाप्रमाणे शाळेनेच आपली रीत बदलावी, हा कोसबाडचा धडा होय. पेरणीच्या दिवसांत धाकट्याजवळ घरी बसणाऱ्या लोणार तालुक्यातील मुलीलाही तो तितकाच लागू पडतो.

'पहिले पाऊल' आणि माता गट

महाराष्ट्रात २०२२ पासून राबविण्यात आलेले 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान याच विचाराच्या वाटेवरील आहे. शाळेत दाखल होणाऱ्या बालकांसाठी उन्हाळी सुटीपूर्वी एक आणि शाळा उघडताना एक, असे दोन मेळावे प्रत्येक शाळेत घ्यावयाचे, अशी त्याची रचना आहे. मेळाव्यात नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा विकास, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन अशी सात दालने असतात. मूल आखलेल्या रेषेवरून चालते, चेंडू फेकते, वस्तूंचे रंगाप्रमाणे गट पाडते, चित्र पाहून त्यावर बोलते आणि वस्तू मोजते. त्याला काय जमते याची नोंद विकासपत्रात होते. ही परीक्षा नव्हे. आपल्या मुलाला कोठे मदत हवी हे आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, हा त्यामागील हेतू आहे.

दोन मेळाव्यांमधील काही आठवडे हा या अभियानाचा खरा गाभा होय. वस्तीतील चार-सहा मातांचा एक गट केला जातो. त्या आठवड्यातून एकदा जमतात, मुलांकडून घरी करून घ्यावयाच्या कृती समजून घेतात आणि एकमेकींना अनुभव सांगतात. लोणारसारख्या कोरडवाहू भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या वेळी मातांना थोडी उसंत असते, जूनमध्ये मात्र ती नसते. म्हणून पहिल्या मेळाव्याला केवळ नोंदणीचा कार्यक्रम न मानता त्यालाच अधिक महत्त्व दिले पाहिजे.

घरच्या कृतींसाठी विकतचे साहित्य लागत नाही. सुपात तूर, सोयाबीन आणि ज्वारीचे दाणे एकत्र करून मुलाला निवडावयास सांगितले की वर्गीकरण होते आणि बोटांना लेखनापूर्वीचे वळणही लागते. भाकरीचे दोन आणि मग चार भाग केले की अर्धा व पाव यांची ओळख होते. गोठ्यातील शेळ्या मोजणे, ओढ्यातील काळे दगड लहानमोठ्या क्रमाने मांडणे, गुळगुळीत आणि खरबरीत ओळखणे यांतून गणिताची पूर्वतयारी होते. (सरोवराचा परिसर संरक्षित अभयारण्य आहे, तेथून मात्र काहीही उचलू नये.) आजीने सांगितलेली गोष्ट मुलाने उलट आजीला सांगावी. वाचनाच्या तयारीसाठी याहून चांगला पाठ नाही. आई निरक्षर असली तरी या सर्व कृती ती उत्तम रीतीने घेऊ शकते, हे शिक्षकांनी पहिल्याच बैठकीत तिच्या मनावर ठसविले पाहिजे.

घरची भाषा, शाळेची भाषा

लोणार आणि मेहकर परिसरात बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. तेथील बालक घरी गोरमाटी बोलते. आईला ते 'याडी' म्हणते आणि भाकरीला 'बाटी'. पहिलीत आल्यावर त्याच्या कानावर पडणारे बहुतेक शब्द त्याला परके असतात. ते गप्प बसते आणि मूल मंद आहे असा चुकीचा समज होतो. प्रारंभीच्या काळात शिक्षकाने पन्नास-शंभर गोरमाटी शब्द शिकून घेतले, चित्र दाखविताना घरचा शब्द आधी आणि मराठी शब्द नंतर उच्चारला, तर हे मौन लवकर सुटते. तांड्यावरील एखाद्या वृद्धेस गाणी आणि गोष्टी सांगण्यासाठी अंगणवाडीत आग्रहाने बोलवावे. त्यामुळे बालकाला शाळा आपली वाटते आणि तांड्यालाही.

स्थलांतराचा प्रश्न

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी वा वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे हा कोरडवाहू भागातील आणखी एक प्रश्न आहे. शाळेत जाणारी मुले गावी नातेवाइकांकडे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात येते. बाहेर जाणाऱ्या मुलांना तेथील शाळेत प्रवेश मिळावा यासाठी शिक्षण हमी कार्डाची तरतूद आहे. परंतु तीन ते सहा वर्षांची बालके आईवडिलांबरोबरच जातात आणि चार-पाच महिने अंगणवाडीपासून तुटतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या पोषण ट्रॅकर प्रणालीत स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करता येते. ही सोय उपयोगात यावयाची असेल, तर कुटुंब गाडीत बसण्यापूर्वी सेविकेला त्याची वार्ता कळली पाहिजे. ती कळविणे पोलीस पाटील, ग्रामपंचायत सदस्य किंवा शेजारी यांना सहज शक्य आहे.

समिती आणि पंचायत

शिक्षण हक्क कायद्यान्वये प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. तथापि हे पालक शाळेत आधीच दाखल झालेल्या मुलांचे असतात. पुढील वर्षी येणाऱ्या बालकांच्या मातेचा आवाज समितीत आपोआप पोहोचत नाही. शिवाय शाळा शिक्षण विभागाच्या आणि अंगणवाडी महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत येते. दोन दप्तरांच्या मध्ये बालक हरवते ते येथे.

हा दुवा जोडण्याची जागा म्हणजे ग्रामपंचायत. प्राथमिक शिक्षण आणि महिला व बालविकास हे दोन्ही विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याच्या विषयांत आहेत. स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करण्याचे बंधनही ग्रामपंचायतीवर आहे. या बळावर काही गोष्टी गावपातळीवरच करता येतील. फेब्रुवारीमध्ये अंगणवाडी सेविका आणि पहिलीचे शिक्षक यांनी एकत्र बसून पुढील जूनमध्ये दाखल होणाऱ्या बालकांची नावनिशीवार यादी तयार करावी. समितीच्या बैठकीस सेविकेस निमंत्रण असावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत तपासणी करून नोंदविलेले दृष्टी, श्रवण वा वाढीचे दोष पहिलीच्या शिक्षकाला वेळेवर कळावेत. ज्याला ऐकू कमी येते, त्याला पुढच्या रांगेत बसविण्यासाठी कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

आणि पेरणीच्या त्या दोन-तीन आठवड्यांपुरती एक सोय अवश्य व्हावी. गल्लीनिहाय अथवा तांडानिहाय एकेका आजीने, मोठ्या विद्यार्थ्याने किंवा बचत गटातील महिलेने पाच-सहा बालकांना शाळेत आणून सोडण्याची पाळी घ्यावी. तेवढाच काळ अंगणवाडीने धाकट्या भावंडांना शाळेच्या वेळेपर्यंत सामावून घेतले, तर मोठी बहीण वर्गात बसू शकेल.

बालकांना तिसरीपर्यंत समजपूर्वक वाचन आणि अंकज्ञान यावे, असे उद्दिष्ट जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने ठेवले आहे. त्या उद्दिष्टाकडे जाणारी वाट तिसरीच्या वर्गातून नव्हे, तर अंगणवाडीच्या अंगणातून आणि आईच्या सुपातील दाण्यांतून सुरू होते. जमिनीची मशागत पावसाआधी करावी लागते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. हीच जाण गावाने आपल्या लहानग्यांच्या बाबतीत दाखविली, तर जूनच्या अखेरीस शाळेची घंटा होईल तेव्हा पहिलीच्या वर्गातील एकही जागा रिकामी राहणार नाही.