चिखलांतील मासळी : निवटी

मासा पाण्यावांचून तडफडून मरतो, हें लहान मूलही जाणतें. तथापि आमच्या कोंकण किनाऱ्यावर अशी एक मासळी आहे कीं, जी ओहोटीच्या वेळीं पाण्याबाहेर येऊन चिखलावर खुशाल हिंडते, चरते व उड्याही मारते. तिला ‘निवटी’ म्हणतात. खाडीच्या कांठीं, तिवरांच्या झाडीलगत, घटकाभर स्वस्थ उभें राहिल्यास ती कोणासही दिसेल.

पाण्याबाहेर ती श्वास कसा घेते? कल्ल्यांच्या पोकळींत ती थोडें पाणी सांठवून ठेवते. शिवाय ओलसर कातडींतून व तोंडाच्या आंतील अस्तरांतून हवेंतील प्राणवायु शोषून घेते. म्हणूनच ती मधून मधून चिखलांत लोळून अंग ओलें करते. कातडी सुकली कीं तिच्या प्राणावर बेततें. छातीजवळच्या दोन परांवर भार देऊन ती रांगत्या मुलाप्रमाणें पुढें सरकते. डोळे माथ्यावर असल्यामुळें बगळ्याची चाहूल तिला तत्काळ लागते. आणि ते खोबणींत ओढून ओले करण्याची युक्तीही तिला अवगत आहे.

तिचें घर म्हणजे चिखलांत खणलेलें बीळ. भय वाटलें कीं ती आंत शिरते. अंडींही तेथेंच घालते. ओल्या चिखलावर सूर्यप्रकाशानें जें सूक्ष्म शेवाळ वाढतें, तें ती डोकें डावीउजवीकडे हलवीत खरवडून खाते. सारांश, जो चिखल आपणांस घाण वाटतो, तोच तिचें घर व तोच तिचें शेत होय.

आतां विचार करण्याजोगी गोष्ट ही. अशा जागेस आपण ‘पडीक’ म्हणतों आणि तींत राडारोडा टाकून भराव घालतों. भरतीचें पाणी अडलें कीं चिखल वाळतो, शेवाळ नाहींसें होतें व बिळें बुजतात. मग निवटी जाते. तिच्यामागून, बिळांत हात घालून ती पकडणाऱ्या गरिबांची मिळकतही जाते.

ठाण्याच्या खाडीचा कांहीं भाग 2015 सालीं सरकारनें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून राखला, व 2022 सालीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. तें योग्यच झालें. परंतु गांवोगांवच्या लहान खाड्यांस असा पहारा कोठून असणार? त्यांचें रक्षण कांठीं राहणाऱ्यांनींच केलें पाहिजे. पालकांनीं मुलांस एकदां ओहोटीच्या वेळीं खाडीवर न्यावें व निवटी दाखवावी, अशी आमची विनंती आहे. जें मुलांनीं कौतुकानें पाहिलें, त्यावर तीं पुढें राडारोडा टाकूं देणार नाहींत, असा आम्हांस भरंवसा वाटतो.