ठोकलं की कडक, तापवलं की मऊ

तांब्याच्या जाड तारेचा तुकडा घ्या, मधोमध वाकवा आणि पुन्हा सरळ करून पाहा. मूळचं वळण जागचं हलत नाही. त्याच्या शेजारून तार वाकते. मघाशी मुकाट वाकलेली जागाच आता सर्वांत कडक झालेली असते. तिच्यात काही मिसळलं नाही, ती तापवलीही नाही. मग हा कडकपणा आला कुठून?

याचं उत्तर १९३४ साली तिघांनी स्वतंत्रपणे दिलं : जी. आय. टेलर, मायकेल पोलानी आणि इगॉन ओरोवान. धातूत अणू रांगांनी बसलेले असतात, पण मधूनमधून एखादी रांग चुकलेली असते. अख्खी सतरंजी ओढायला जोर लागतो. तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलली, तर सतरंजी सहज सरकते. या चुकलेल्या रांगा अशाच सरकतात, म्हणून धातू वाकतो. ठोकत गेलं की त्या हजारो पटींनी वाढतात, एकमेकींत अडकतात आणि सरकणं थांबतं. म्हणजे तांबं मऊ असतं ते दोषांमुळे, आणि कडक होतं तेही दोष वाढल्यामुळेच! मला हे अजून पुरतं पचलेलं नाही.

यावर उतारा आगीचा. अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसेल इतपत तापवलं, साधारण ६०० अंश सेल्सिअस, की अणू नव्याने रांगा लावतात आणि पत्रा मऊ होतो. (वितळायला १०८५ अंश लागतात, तेव्हा घाबरू नका.) लालबुंद पोलादी छिन्नी पाण्यात बुडवली तर कडक होते, तांबं बुडवलं तरी मऊच राहतं. वर चढलेला काळा थर चिंचेने बराचसा निघतो.

पुण्यातल्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथलं मठारकाम, म्हणजे भांड्यावर शेजारीशेजारी उठवलेले हातोडीचे ठोके, आपण नक्षी म्हणून पाहतो. खरं तर पातळ पत्र्याच्या भांड्याला ताठपणा येतो तो या ठोक्यांनीच.

स्वतः काही करायचं असेल तर पत्र्याचं गेज आधी समजून घ्या. आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो : २२ गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर, २४ म्हणजे ०.५६. पत्रा वजनावर विकतात. २२ गेजचा एक चौरस फूट सुमारे ६०० ग्रॅम भरतो, त्यावरून खर्चाचा हिशेब घरीच करता येतो. कानातल्यांसाठी किंवा छोट्या वाटीसाठी २४ गेज पुरे, तो हातकात्रीने कापता येतो. दुकानात नरम पत्रा मागा. कडक मिळाला तरी तापवून मऊ करता येतो.

पितळेत जस्त असतं, म्हणून ते तापवायचं तर मोकळ्या हवेत. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा मात्र मुळीच तापवू नका. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.