चौकट : मुक्काम विश्रामबाग, शहरं दोन

सांगली आणि मिरज एकाच फेरफटक्यात पाहावीत, कारण दोन्हींचा इतिहास एकाच घरातून फुटला आहे. पटवर्धनांच्या मिरज जहागिरीतून चिंतामणराव आप्पासाहेबांनी १८०१च्या सुमारास सांगली वेगळी केली. विश्रामबाग दोन्हींमधल्या रस्त्यावर. तिथे पाहण्याजोगं काय, असं कुणी विचारेल. १९१९चं विलिंग्डन महाविद्यालय सोडलं तर फारसं काही नाही, हे खरं. पण मित्रांच्या टोळक्याला दोन्हीकडे सहज जाता येणं जास्त सोयीचं.

एका अंगाला कृष्णाकाठचं गणपती मंदिर, १९२९चा आयर्विन पूल आणि पुढे हरिपूर, वारणा-कृष्णेचा संगम. ‘शारदा’कार गो. ब. देवल हरिपूरचेच. हळदीची पेवंही इथलीच: जमिनीतली खोल कोठारं, वर अरुंद तोंड, आत हवा खेळत नाही म्हणून कीड लागत नाही. २००५च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली.

दुसऱ्या अंगाला मिरज. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार इथे तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर भागातल्या वाळक्या भोपळ्याचा तंबोरा होतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांची कबर आहे. हे सारं एका दिवसात आटोपतं, असा हिशेब मांडला जातो. ठिकाणं मोजली तर तो बरोबरच आहे. तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या कारागिरापाशी बसलं की मात्र दुपार तिथेच जाते.